चहात भिजवलेली जाळी

सकाळी साडेआठला टीव्हीवर चौघं बसलेत.
काचेचं टेबल, चार कप, पीत कुणीच नाही.
विषय: कालची उपांत्य फेरी.
म्हणजे, जोसेलिनच्या मांड्या.

एक बाई म्हणते, हे बाईचं स्वातंत्र्य.
दुसरी म्हणते, हा बाईचा बाजार.
डंकन ब्रेथवेट, माजी नगरसेवक, घसा साफ करतो:
नऊच्या आत, पोरं जागी असताना,
जवळजवळ नागडी!
आणि तो हे बोलत असताना त्याच्या मागच्या पडद्यावर
तेवढाच तुकडा पुन्हा, पुन्हा:
खाली बसणं, गुडघे, केसांचा झटका.
सातव्या वेळेनंतर मी मोजणं सोडलं.

नागडी?
अकरा रात्री बसून शिवलंय मी ते नागडेपण,
सॅल्फर्डच्या गोदामात, पायाशी हीटर घेऊन,
चष्म्यावर चष्मा लावून.
मानेपासून घोट्यापर्यंत जाळी आहे ती, डंकन.
तुझ्या शर्टाला लागलं त्याहून जास्त कापड.

ताग्यावर छापलं होतं: त्वचेचा रंग.
कुणाच्या त्वचेचा, ते छापलं नव्हतं.
गुलाबीसर होता. माझा. तुझा.
जोसेलिनचे आईबाप कुमासीचे.
मग मी बादलीभर चहा उकळला,
चाळीस पुड्या, वर घोटभर व्हिनेगर,
जाळी बुडवली, पिळली, तिच्या दंडावर धरली.
परत बुडवली.
तिसऱ्या खेपेला ती म्हणाली,
डॉरीन, आता ही मी.

तरी मी काही दुधखुळी नाही.
जाळी दिसू नये म्हणूनच जाळी शिवतात,
हे चाळीस वर्षं मला ठाऊक आहे.
तालमीला निर्माता खुर्चीतूनच म्हणाला, अजून थोडं खाली.
ती गेली.
अजून.
ती गेली.
नंतर जिन्यात बसून तिच्या गुडघ्यांवर
मी गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरली.
विचारलं, तुला हवंय का गं हे?
म्हणाली, मला गाणं हवंय.
बाकीचं भाडं आहे.

हे डंकनला सांगितलं तर तो म्हणेल, बघा!
म्हणून हेही सांगते:
गुरुवारी दिवे गेल्यावर, सगळे पांगल्यावर,
आरशापुढे एकटीच होती ती, मोज्यांवर,
तेच खाली बसणं, तोच झटका,
आणि खदखदून हसत होती.
दाराआड मी, तोंडात टाचण्या.
ते हसू कुठल्या बाजूला मांडायचं,
स्वातंत्र्याच्या की बाजाराच्या,
मला अजून जमलेलं नाही.

काल रात्री माझी नात एफी, वय वर्षं नऊ,
फ्रीजपुढे तशीच खाली बसली.
लेकीनं टीव्ही बंद केला, पार वायर उपसून.
एफी माझ्याकडे बघत राहिली: चुकलं का, आजी?
काय काय आलं जिभेवर.
शेवटी म्हटलं, गुडघे बाहेर ठेव,
नाहीतर दुखतील.
तिनं ठेवले.
लेक माझ्याशी रात्रभर बोलली नाही.

जाहिरात लागली. शॉवरखाली एक बाई,
खांद्यावर फेस, डोळे मिटलेले, शाम्पूची बाटली.
डंकन कपाला हात लावत असेल आता, गारढोण चहाला.

माझ्या मांडीवर तो पोशाख, कमरेपाशी उसवलेला,
अजून चहाचा वास येतो त्याला.
फोनवर तीन निरोप.
वाहिनीचा: छातीवर कापड वाढवा, तक्रारी येतायत.
निर्मात्याचा: बाजू उघड्या करा, लोक बोलतायत.
जोसेलिनचा: डावीकडे काखेत टोचतंय.

शनिवारी अंतिम फेरी.
मी सुई ओवते.
काखेपासून सुरुवात करते.